औषधाला गुण आला तर

सुनेत्राबाई टिपणीस पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होत्या. आधी पुण्यात ट्रंक बोर्डवर, मग चिंचवडच्या एक्स्चेंजमध्ये. कॉल जोडून देताना दोन्हीकडचे पहिले एक-दोन शब्द कानावर पडायचेच, आणि तेवढ्यावरून पलीकडे पेढे वाटले जाणार आहेत की रडारड होणार आहे, हे त्यांना कळायचं. मैत्रिणी म्हणायच्या, "वैद्य नाडी बघतो, ही हॅलो बघते." पुढे यजमान गेले, खात्याने स्वेच्छानिवृत्ती देऊन सगळ्यांना घरी बसवलं. कान मात्र शाबूत राहिला.

त्या कानानेच त्यांना ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला नेलं.

सलिल हा त्यांचा एकुलता एक मुलगा. एकोणिसाव्या वर्षी पर्थला शिकायला गेला, डिग्री घेतली, नोकरी धरली, तिथली सिटिझनशिप घेतली आणि सव्विसाव्या वर्षी, कुणाला न विचारता, ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती झाला. पायदळात. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. सुनेत्राबाईंचा धाकटा भाऊ विलास म्हणाला, "अगं, आपल्यात कुणी कधी उंदीर मारला नाही!" सुनेत्राबाईंनी मात्र युनिफॉर्ममधला फोटो फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावला.

ज्या वर्षी काबूल पडलं, त्या वर्षी सलिलची तुकडी तिथल्या विमानतळावर लोकांना बाहेर काढायला गेली होती. आठ-दहा दिवसांचं काम. अंगावर ओरखडाही न येता तो परत आला. पण तेव्हापासून फोन उचलल्यावर हॅलो म्हणण्याआधी तो थांबायला लागला. फार नाही, एखादा श्वास. फोन उचलायचा की नाही हे उचलल्यानंतरही त्याचं ठरलेलं नसावं, असं वाटायचं. दीड वर्षाने त्याने सैन्य सोडलं, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत अजस्र ट्रक चालवायची नोकरी धरली आणि तो थांबा वाढत गेला. एका रविवारी सुनेत्राबाईंनी मनात आकडे मोजले. हॅलो यायला सहा आकडे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला.

नोव्हेंबरात त्या पोचल्या. वर्षभराचा व्हिसा होता. पर्थहून छोट्या विमानाने तासभर नुसती लाल माती आणि खुरटी झुडपं, आणि मग एकदम जमिनीत पडलेला खाणीचा तो खड्डा. अख्खं चिंचवड गाव आत मावेल आणि वर जागा उरेल, असा. सलिल एअरपोर्टवर उभा होता. दाढी वाढलेली, वजन उतरलेलं. वाकून नमस्कार केला त्याने, पण पाठ भिंतीकडे ठेवून.

घर भाड्याचं होतं, पत्र्याच्या छपराचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फोडणी टाकत असताना पायाखालची फरशी थरथरली, खिडकीची तावदानं वाजली आणि फडताळातली भांडी एकमेकांना लागली. त्यांनी घाबरून गॅस बंद केला. सलिल टेबलाशी शांत बसला होता.

"ब्लास्ट आहे, आई. खाणीतला. रोजच असतो."

"तुला त्रास नाही होत रे याचा?"

"याचा नाही. याची वेळ ठरलेली असते."

बाकी कशाचीच वेळ ठरलेली नव्हती. तो पलंगावर झोपत नसे. पॅसेजमध्ये, दोन्ही दारं दिसतील अशा जागी, सतरंजीवर पडायचा. पडदे दिवसाही ओढलेले. दारावर कुणी थाप मारली की त्याचा चेहरा कोरा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी तो त्याची युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन निघायचा, टाकी रिकामी झाल्यावर लाल धुळीने माखून परत यायचा. कुठे जातोस, विचारलं तर "असंच, ड्राइव्ह." पुढे शेजारच्या ग्लेनिसने ते सुनेत्राबाईंना सांगितलं. गावाबाहेरच्या रानात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खाणींची उघडी तोंडं आहेत. काहींना कुंपण आहे, काहींना नाही. किती खोल, कुणी मोजलेलं नाही. सलिलची युट तिथे उभी असते आणि तो एका तोंडाच्या कडेला बसलेला असतो. ग्लेनिसने कुत्र्याला फिरवताना दोनदा पाहिलं होतं.

ग्लेनिस सत्तर पार केलेली, रापलेल्या हातांची विधवा. तिचा नवरा व्हिएतनामला लढून आलेला. "माझा रॉन परत आला आणि बारा वर्षं जेवणाच्या टेबलावर बसला नाही," ती म्हणाली. निवृत्त सैनिकांच्या क्लबात ती बुधवारी जेवण रांधायची आणि लोकांचे सरकारी फॉर्म भरून द्यायची. सुनेत्राबाईंचं नाव तिच्या तोंडात बसेना, म्हणून ती त्यांना 'सू' म्हणू लागली. सुनेत्राबाईंनी तिला पोळ्या शिकवल्या आणि तिने सुनेत्राबाईंना हे शिकवलं की अशा माणसाला 'काय झालं?' असं विचारायचं नसतं, 'चहा घेणार?' असं विचारायचं.

फेब्रुवारीत, पंचेचाळीस डिग्रीच्या एका दिवशी, सलिलने खाणीच्या उतारावर ट्रक उभा केला आणि दोन तास केबिनचं दार उघडलं नाही. मागे सगळी रांग खोळंबली. कुणी काच ठोठावली की तो आतून एकच वाक्य म्हणायचा, "पेपर्स दाखवा." नोकरी गेली. ग्लेनिसने त्याला डॉक्टरकडे नेलं. निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर एका सायकॉलॉजिस्टशी बोलणं सुरू झालं.

आणि सुनेत्राबाईंच्या व्हिसाचे आठ महिने उरले.

विलासचा दर आठवड्याला फोन. "ताई, त्याला घेऊन ये सरळ इकडे. आपलं घर आहे, माणसं आहेत."

"तो इथला सैनिक होता रे. दुसऱ्या देशाच्या सैन्यात राहिलेल्याला आपण ओसीआय कार्ड देत नाही. पाहुणा म्हणून येऊ शकतो, राहायला नाही."

"आपल्याच मुलाला?"

"आपल्याच मुलाला."

मग ग्लेनिसने पर्थमधल्या एका मायग्रेशन एजंटचा नंबर काढून दिला. निघाली मराठी, मयूरा नावाची, पस्तिशीची, भराभरा बोलणारी. व्हिडिओ कॉलवर सुनेत्राबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सैनिकाच्या आईसाठी काही वेगळं असेल ना गं?"

"नाही, काकू. बायको-मुलांसाठी थोडंफार आहे. आईसाठी काही नाही. तुम्ही इतर कुणाच्याही आईसारख्याच. साध्या पेरेंट व्हिसाची रांग तीस वर्षांची आहे."

"म्हणजे मी त्र्याण्णव वर्षांची होईन."

"हो. पाच वर्षांचा एक टेम्पररी पेरेंट व्हिसा आहे, पण त्याला मुलाचं वर्षाचं ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं. सलिलदादांना सध्या जॉब नाही." मयूराने स्क्रीनवर काहीतरी शोधलं. "एक रस्ता आहे. केअरर व्हिसा. सिटिझन आजारी असेल आणि त्याच्याजवळ सतत कुणीतरी लागत असेल, तर नातेवाइकाला राहता येतं. पण तपासणी होते. आजाराचे गुण देतात. ठरावीक गुणांच्या वर गेला तरच."

"म्हणजे जितका जास्त आजारी, तितकं बरं."

"काकू, मी नियम सांगतेय फक्त."

"आणि मधेच बरा झाला तर?"

"निर्णय होईपर्यंत गरज टिकायला लागते. निर्णयाला काही वर्षं लागतात. तोवर ब्रिजिंग व्हिसावर राहता येईल."

तिसरा प्रश्न सुनेत्राबाईंच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. मयूराला तो कळला असावा. खाली बघत ती म्हणाली, "ज्याची काळजी घ्यायची तोच नसेल, तर अर्ज आपोआप संपतो."

सलिलने आधी साफ नकार दिला. "आय ॲम नॉट अ केस, आई." पण फॉर्म टेबलावर पडून होता. एका सकाळी तो तासभर वाचत बसलेला त्यांना दिसला: आंघोळ स्वतः करतो का, जेवण आठवणीने घेतो का, एकटा ठेवता येतो का. वाचून झाल्यावर त्याने पेन मागितलं. सही करताना विचारलं, "कितीला पास?"

"कसलं रे?"

"गुण. किती लागतात?"

त्यांनी सांगितलं. त्याने मान हलवली. बस्स, एवढंच. तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

जूनमध्ये, तिथल्या हिवाळ्यात, गोळ्यांचा गुण येऊ लागला. सलिल पलंगावर झोपू लागला. एकदा स्वतःहून क्लबात जाऊन ग्लेनिसला बटाटे सोलून देऊन आला. जुलैतल्या एका सकाळी ऑम्लेट करताना ते उलटवायला गेला, ते शेगडीच्या मागे पडलं, आणि तो हसला. मोकळा, लहानपणीसारखा. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आणि सुनेत्राबाईंच्या काळजात धस्स झालं.

तपासणीला दोन महिने उरलेत आणि हा हसतोय, असा तो विचार होता. पुरता मनात उमटून गेल्यावर त्यांना तो दिसला. त्या हातातलं भांडं ठेवून न्हाणीघरात गेल्या, दार लावून घेतलं आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. मुलगा हसला म्हणून आईला भीती वाटली. कुणाला सांगायचं हे? देवापुढे उभं राहिलं तरी काय मागायचं, तेच कळेना. बरा कर म्हणावं तर त्याला एकटं टाकून जावं लागणार. करू नको असं तर म्हणवतच नव्हतं. त्या नुसतीच उदबत्ती लावू लागल्या.

ऑगस्टपासून सलिल पुन्हा खचू लागला. सतरंजी पुन्हा पॅसेजमध्ये आली. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून तो दाराकडे बघत राही. युट पुन्हा रानात जाऊ लागली. गोळ्या तर चालू होत्या. रोज सकाळी चहाबरोबर त्या स्वतः हातावर ठेवायच्या आणि तो त्यांच्यासमोर घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, असे चढउतार होतात. सुनेत्राबाईंना वाटलं, आपल्याच त्या विचाराचं हे फळ. त्यांनी सोमवार धरले.

सप्टेंबरात तपासणी झाली. डॉक्टर अनोळखी, सभ्य, घड्याळ बघत काम करणारा. त्याने विचारलं, आईशिवाय तू एकटा एक आठवडा राहू शकशील? सलिलने जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक दिवसही नाही." त्याच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती. सुनेत्राबाई बाजूच्या खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

तीन आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं. लागणाऱ्या गुणांपेक्षा बरेच जास्त. मयूराने अर्ज दाखल केला, ब्रिजिंग व्हिसाचं पत्र आलं. सलिलने ते पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून आईच्या हातात दिलं.

"पास झालो, आई."

त्याचा आवाज विलक्षण शांत होता. पस्तीस वर्षांत त्यांनी असा आवाज लाइनवर दोन-तीनदाच ऐकला होता आणि ज्यांचा तो होता त्यांच्या घरी नंतर काय झालं, हेही त्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांनी युटची चावी कमरेला खोचून ठेवायला सुरुवात केली. त्याने ती मागितली नाही. तो चालत जाऊ लागला.

डिसेंबरात कुकरच्या दांडीचा स्क्रू सैल झाला. दुपारची वेळ होती, सलिल पॅसेजमध्ये पडला होता. सुनेत्राबाई मागच्या शेडमध्ये स्क्रूड्रायव्हर शोधायला गेल्या. फळीवर खिळ्यांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. एक बरणी हलकी लागली. त्यांनी ती उजेडात धरली. आत खिळे नव्हते. पांढऱ्या गोळ्या होत्या; अर्धवट विरघळलेल्या, पुन्हा सुकलेल्या, एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेल्या. शंभराच्या वर असतील. चहाबरोबर तोंडात टाकलेली एकेक गोळी, गालात धरून ठेवलेली, आई वळल्यावर थुंकलेली. चार महिन्यांच्या सगळ्या सकाळी त्या बरणीत होत्या.

त्या आत आल्या आणि त्याच्या उशाशी जमिनीवर बसल्या. बरणी मधे ठेवली.

सलिल उठून बसला. मग अगदी व्यवहाराच्या आवाजात म्हणाला, "तू ऑम्लेटच्या दिवशी बाथरूममध्ये गेलीस ना, तेव्हा मला कळलं. मी बरा झालो तर तुला जावं लागेल. सिंपल आहे ते."

"सलिल—"

"चार-पाच वर्षांचा तर प्रश्न आहे, आई. मी मॅनेज करेन. एकदा तुला पर्मनंट मिळालं की घेईन ना गोळ्या."

"चार-पाच वर्षं तू त्या खड्ड्यांच्या कडेला बसणार? माझ्यासाठी?"

"मी कुणाला परत पाठवणार नाही," तो म्हणाला. आणि मग, भिंतीकडे बघत, इतकी वर्षं न सांगितलेलं त्याने सांगितलं.

विमानतळाच्या फाटकाशी गटाराचा कालवा होता. त्यात कमरेपर्यंत माणसं उभी. हात वर, हातात कागद. सलिलचं काम कागद बघायचं. ज्याचं नाव यादीत, त्याला हात देऊन वर ओढायचं. बाकीच्यांना मागे रेटायचं. एक माणूस आला. त्याने ऑस्ट्रेलियन तुकड्यांसाठी दुभाष्याचं काम केलेलं होतं. कागद चोख. बायकोचा चोख, दोन पोरांचे चोख. पाठीवर त्याची आई होती.

"तिच्या नावाचा कागद नव्हता. आई यादीत येत नाही म्हणाले. मी वर विचारलं, दोनदा विचारलं. नाही म्हणाले. तो माणूस मला म्हणाला, ब्रदर, तुला आई नाही का? मी म्हटलं, आहे. मग त्याने तिला खाली उतरवलं. त्या पाण्यात. आणि तो आत आला. मी त्याला आत घेतलं आणि तिला... हाताने मागे केलं, आई. ह्या हाताने. ती काहीच बोलली नाही. तिने माझा हात थोपटला. समजूत घातल्यासारखा."

बाहेर उन्हाने छपराचा पत्रा तडतडत होता. सुनेत्राबाईंनी त्याचा तो हात हातात घ्यायला हवा होता, पण त्यांनी घेतला नाही. त्या म्हणाल्या, "मी ती बाई नाही, सलिल."

त्याने भिंतीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"ऐक माझं. ती गेली की राहिली, मला माहीत नाही, तुलाही नाही. पण मी ती नाही. मला परत पाठवलंस तर मी चिंचवडला जाईन. तिथे माझा ब्लॉक आहे, पेन्शन आहे, विलासमामा आहे. पाणी एक दिवसाआड येतं, तेवढाच काय तो त्रास. मला कुणी मारायला टपलेलं नाही. मरायला तू टपलायस."

त्यांनी आयुष्यात इतकं कठोर वाक्य उच्चारलं नव्हतं. मग त्यांनी ग्लेनिसला फोन लावला. ती एप्रनवरच आली, बरणी बघितली आणि एवढंच म्हणाली, "चल, बाळा. गाडीत बस."

आधी गावातलं हॉस्पिटल, तिथून पर्थला, खास सैनिकांवर उपचार करणाऱ्या वॉर्डात सहा आठवडे. सुनेत्राबाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बरणीसकट. सलिल दोन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. त्या रोज दुपारी जाऊन त्याच्या खुर्चीसमोर बसायच्या. पंधराव्या दिवशी त्याने विचारलं, "चहा घेणार?" त्यांनी हो म्हणून मान हलवली.

मयूराला त्यांनी स्वतः फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. "काकू, हे खात्याला कळवावंच लागेल. आणि कळवलं की पुन्हा तपासणी. औषधं व्यवस्थित घेऊन."

"होऊ दे."

"गुण कमी पडले तर?"

"औषधाचा गुण आला असं म्हणू," सुनेत्राबाई म्हणाल्या.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली. या वेळी शर्टाची बटणं बरोबर होती. एकटा एक आठवडा राहशील का, या प्रश्नावर सलिलने आईकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. तो म्हणाला, "प्रयत्न करीन."

गुण कमी पडले. थोडेच, पण कमी. मयूराने सांगितलं की नकार येण्याची वाट बघण्यापेक्षा अर्ज मागे घेतलेला बरा; पुढे कधी यायचं झालं तर रेकॉर्ड साफ राहील. अर्ज मागे घेतल्यावर निघायला पस्तीस दिवस मिळाले.

त्या पस्तीस दिवसांत सलिलला एका गॅरेजमध्ये काम लागलं, आठवड्याचे चार दिवस. सुनेत्राबाईंनी डबे भरून फ्रीझरमध्ये रचले, प्रत्येकावर नाव लिहिलं. पर्थपर्यंतचे सहाशे किलोमीटर त्याने स्वतः गाडी चालवली. एअरपोर्टवर त्याने वाकून नमस्कार केला. पाठ कुठे होती, हे बघायचं त्या विसरल्या; ते त्यांना विमानात आठवलं.

त्या गेल्यानंतरचा पहिला ऑगस्ट महिना ग्लेनिसने निभावला. ते दिवस काबूलचे. दरवर्षी तेव्हाच तो सर्वात खाली जातो, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तिने दोन आठवडे त्याला स्वतःच्या घरी, कुत्र्याच्या खोलीत झोपवलं. पुढे त्याला पाच दिवसांचं काम मिळालं. मयूराचं म्हणणं, आता वर्षभराचं उत्पन्न दाखवता आलं की तो पाच वर्षांच्या पेरेंट व्हिसासाठी आईला स्पॉन्सर करू शकेल. म्हणजे आता तो बरा राहिला, रोज कामावर गेला, तरच त्या जाऊ शकणार होत्या. तिथलं आर्थिक वर्ष जूनअखेर पुरं होणार, मग टॅक्सचे कागद, मग अर्ज. ऑगस्ट त्याच्या आधी येत होता. म्हणून त्यांनी तेवढ्यापुरता व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज टाकून ठेवला होता. सात आठवडे झाले, वेबसाइट एकच शब्द दाखवत होती: मिळाला. म्हणजे अर्ज.

मेच्या शेवटच्या सोमवारी, चिंचवडला सकाळचे साडेआठ झालेले असताना, सलिलचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे अकरा वाजले होते, चहाची सुट्टी. मागे गॅरेजची पिवळी भिंत दिसत होती.

"ग्लेनिस चाललीय, आई. घर विकलं तिने. अल्बनीला मुलीकडे राहायला जातेय. हिप दुखतं तिचं."

"कधी?"

"जुलैच्या शेवटी."

सुनेत्राबाईंनी ओट्याचा काठ धरला. "बरं," त्या म्हणाल्या. "दुसरं कुणी बघेल ना तुझ्याकडे, क्लबातलं?"

"नो वरीज. मी ठीक आहे."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"सलिल."

तो समजला. रोजचंच झालं होतं हे. पस्तिशीचा, सैन्यातून आलेला पुरुष. फोन तोंडाजवळ नेऊन त्याने आईला 'आ' करून दाखवलं. आधी जीभ वर, मग उजवा गाल, मग डावा. सुनेत्राबाईंनी चष्मा सरसावला आणि फोन उजेडाकडे वळवला. डावा गाल नीट दिसायच्या आत चित्र अडकलं. तोंड उघडलेला सलिल स्क्रीनवर तसाच थिजून राहिला, आवाज गेला, आणि मधोमध ते छोटं वर्तुळ गोल गोल फिरू लागलं. त्यांनी नळ बंद केला, पंखा बंद केला आणि फोन दोन्ही हातांत धरून त्या कान देऊन उभ्या राहिल्या.